दगडांची साक्ष आणि कल्पाचा हिशेब

भूगर्भशास्त्रासंबंधीं आमच्या सुशिक्षित समाजाची वृत्ति मोठी चमत्कारिक आहे. या शास्त्राचा अभ्यास करण्याची त्याला हौस नाहीं. पण त्यानें काढलेले आंकडे मात्र स्वतःच्या अभिमानाच्या सोयीसाठीं हवे असतात. पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटि वर्षें आहे असें शास्त्रज्ञ म्हणतात. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटि वर्षांचा असतो असें आमचीं पुराणें सांगतात. या दोन आंकड्यांची जवळीक पाहून चांगल्या पदवीधर गृहस्थांनाहि भरून येतें, आणि लगोलग असा सिद्धांत ठोकून देण्यांत येतो कीं, जें पाश्चात्त्यांनीं दगड फोडफोडून शोधलें तें आमच्या ऋषींना बसल्या जागीं ठाऊक होतें. व्याख्यानांत, लग्नकार्यांतील गप्पांत, शिक्षकांच्या खोलींतसुद्धां हा युक्तिवाद आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्याचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

प्रथम हिशेबच पाहूं. कल्प ४३२ कोटि वर्षांचा हें खरें. परंतु तो सबंध दिवस आहे, उलटून गेलेला काळ नव्हे. पूजेच्या आरंभीं संकल्प सोडतांना आपण श्वेतवाराह कल्पाचा, त्यांतील वैवस्वत मन्वंतराचा आणि त्यांतीलहि अठ्ठाविसाव्या महायुगाचा उच्चार करतों. चौदा मन्वंतरांपैकीं वैवस्वत हें सातवें. म्हणजे ब्रह्मदेवाच्या चालू दिवसाचा माध्यान्ह देखील अद्यापि झालेला नाहीं. गेलेलीं सहा मन्वंतरें, त्यांचे संधि, सत्तावीस महायुगें आणि चालू महायुगांतील सरलेला भाग यांची बेरीज केली तर ती सुमारें १९७ कोटि वर्षें भरते. तेव्हां तुलना करावयाचीच असेल तर ती १९७ आणि ४५४ यांची केली पाहिजे! पंचांगकर्त्यांना हा हिशेब नीट ठाऊक असतो; तो विसरतात ते पंचांगाचे अभिमानीच. बरें, वादासाठीं ४३२ हाच आंकडा धरला तरी उरलेल्या २२ कोटि वर्षांचें काय? डायनोसॉर पृथ्वीवर आले, पसरले, आणि एक पक्ष्यांची शाखा सोडून लयास गेले, या सर्व घडामोडीस अजमासें १७ कोटि वर्षें पुरलीं. एवढा काळ ज्या फरकांत सहज मावतो, तो फरक किरकोळ म्हणून झटकून टाकणें हें गणित नव्हे, हौस आहे.

आमच्या पूर्वजांची कल्पनाशक्ति तोकडी होती असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आर्चबिशप अशर यानें १६५० सालीं सृष्टीचा जन्म ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षीं ठरविला. त्याच्या कितीतरी पूर्वीं आमच्याकडे कोटींच्या भाषेंत काळ मोजला जात होता, आणि त्याचा अभिमान वाटणें योग्यच आहे. परंतु कल्पनेचें धैर्य निराळें आणि पुराव्याचें ज्ञान निराळें. एखादा आंकडा ज्ञान या पदवीस केव्हां पोंचतो? तो कशावरून काढला हें सांगतां येतें आणि तो चुकीचा असल्यास कशावरून कळेल हेंहि सांगतां येतें, तेव्हां.

या कसोटीला शास्त्रज्ञांनीं आपल्या थोर पुरुषांनाहि लावलें आहे. लॉर्ड केल्व्हिन यानें १८६२ सालीं, पृथ्वी किती वेगानें थंड झाली असावी या गणितावरून, तिचें वय २ कोटि ते ४० कोटि वर्षांच्या दरम्यान ठरविलें, व १८९७ सालीं ती मर्यादा २ ते ४ कोटींवर आणली. त्याच्याएवढा अधिकारी पुरुष त्या काळीं दुसरा नव्हता. तरी पण थरांचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळांना हा काळ अपुरा वाटत होता. पुढें किरणोत्सर्गाचा शोध लागला, खडकांत मुरलेलें घड्याळच हातीं आलें, आणि केल्व्हिनचा आंकडा निकालांत निघाला. १९५६ सालीं पॅटर्सन यानें उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजणीवरून ४५५ कोटि हें वय काढलें आणि त्यांत ७ कोटींचा फरक इकडे किंवा तिकडे संभवतो हेंहि बरोबरच नमूद केलें. स्वतःच्या चुकीची मर्यादा सांगणारें असें एखादें वचन कल्पवाद्यांनीं आम्हांस दाखवावें.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. प्रतिपक्षी म्हणतो, “थराचें वय तुम्ही जीवाश्मावरून सांगतां आणि जीवाश्माचें वय थरावरून, हा उघड उघड अन्योन्याश्रय दोष आहे.” दोष असता तर तो गंभीर होता, पण तो नाहीं. न हललेल्या थरांत खालचा थर आधींचा, हें तत्त्व स्टेनो यानें १६६९ सालीं मांडलें. त्याला जीवाश्माची गरज नाहीं, डब्यांत एकावर एक रचलेल्या पोळ्यांतील पहिली कोणती हें ओळखण्याइतकीच अक्कल पुरते. विल्यम स्मिथ हा कालव्यांची मोजणी करणारा मनुष्य. खोदकामांत त्यानें पाहिलें कीं, प्रत्येक थराचे शिंपले ठराविक आणि त्यांचा क्रमहि ठराविक; त्या आधारें १८१५ सालीं त्यानें इंग्लंडचा भूस्तर-नकाशा छापला. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा; म्हणजे उत्क्रांतिवाद सिद्ध करण्यासाठीं हा क्रम रचला असेंहि म्हणतां येत नाहीं. वर्षांचे आंकडे तर तिसऱ्याच साक्षीदाराकडून येतात: थरांमध्यें सांपडणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेंतील व लाव्ह्यांतील खनिजांकडून. तीन साक्षीदार निरनिराळे, आणि जबानी जुळते. न्यायालयांत आपण याला पुरावाच म्हणतों.

आणि ही जबानी ऐकण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपला दख्खनचा काळा खडक हा सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जे तलाव सांचले त्यांच्या गाळांत त्या वेळचे जीव गाडले गेले. मुंबईस वरळीच्या टेकडींतील अशाच थरांत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकांचें वर्णन रिचर्ड ओवेन यानें १८४७ सालीं प्रसिद्ध केलें. नागपूरच्या आसपासच्या जीवाश्मांवर स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें हंटर याच्यासह लिहिलेला निबंध १८५५ सालचा. चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेंत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण सांपडले, आणि २००५ सालीं तें संशोधन प्रसिद्ध झाल्यावर, डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतेंच हा जगभरचा समज सोडून द्यावा लागला. विदर्भाच्या मातींतील शेणानें जगाचीं पुस्तकें दुरुस्त केलीं! अभिमानच बाळगावयाचा तर तो याचा कां बाळगूं नये?

कोणी म्हणेल, अशा शोधांनीं श्रद्धेला धक्का बसतो. आपल्या देव्हाऱ्यांतील शाळिग्रामच पाहा. गंडकीच्या पात्रांतून येणारे असे पुष्कळ शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नांवाच्या समुद्रप्राण्याचे जीवाश्म. त्यांवरील चक्र हा त्या प्राण्याच्या शंखाचा वेढा. हिमालय आहे तेथें एके काळीं समुद्र होता, ही गोष्ट तुळशीपत्राखालीं मूकपणें बसलेली आहे. ती कळल्यानें कोणाची पूजा बंद पडली असें आमच्या पाहण्यांत नाहीं.

मग हें सारें लिहिण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन आमचीं मुलें. २०२३ सालीं राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग ओझें कमी करण्याच्या नांवाखालीं वगळण्यांत आला, आणि जीवाश्म म्हणजे काय, त्यांचें वय कसें ठरवितात, हीं पानेंहि त्याबरोबर गेलीं. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या. आमच्या मध्यमवर्गानें मात्र ती बातमी वाचून पान उलटलें. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रांत ठेवला आहे, हें समाधान फुकाचें आहे. कारण बहुसंख्य मुलें दहावीनंतर जीवशास्त्र घेतच नाहींत. त्यांना पुराव्यावरून भूतकाळ कसा ठरवावा हें कोणी शिकविणार नाहीं, आणि ४३२ व ४५४ यांची जोडी मात्र सगळे सांगतील. ज्यांना ही जोडी प्रिय आहे त्यांना आमची एकच विनंति आहे. पुढच्या सुटींत मुलांना घाटांत न्यावें, रस्त्यासाठीं कापलेल्या दरडीसमोर उभें करावें आणि खालचा थर कोणता, वरचा कोणता, हें त्यांना विचारावें. उत्तर काढण्याची पद्धत एकदां मुलांना कळली म्हणजे उसन्या आंकड्यांनीं अभिमान सजविण्याची गरज त्यांना उरणार नाहीं.