खाऱ्या पाण्यावर पानांची भुकटी: आधी मोजू, मग पाकीट घेऊ

*तलाव सल्ला – मार्च* 🐟



मागच्या बैठकीत काही जणांनी मागणी केली, की खाऱ्या पाण्याचा माशांना त्रास होऊ नये म्हणून पानांच्या अर्काची जी पाकिटं विकायला येतात, ती कंपनीने घाऊक आणून सभासदांना द्यावीत. माझं मत सरळ सांगतो: *या हंगामात आणू नयेत.* पानांत दम नाही असं नाही. पण तसाच पाला आपल्या वाडीत पडून सडतोय, आणि आपल्या तलावात त्याचा किती उपयोग होतो हे आपण अजून मोजलेलंच नाही.

रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातले मासे. त्यांच्या रक्तातला खारेपणा साधारण दवाखान्यातल्या सलाईनइतका, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅमच्या आसपास. गोड्या पाण्यात त्यांचे कल्ले आणि मूत्रपिंड मीठ आत धरून ठेवतात, जादा पाणी बाहेर टाकतात. तलाव खारा होत गेला की हा सगळा हिशेब बिघडतो. ५ पीपीटीपर्यंत (लिटरमागे ५ ग्रॅम मीठ) निभावतं, ८ च्या पुढे वाढ मंदावते, आणि १० च्या वर पाणी एकदम गेलं तर मर लागू शकते. मर दिसायच्या आधीच नुकसान सुरू झालेलं असतं. खाद्याची ताकद वजनात न जाता मीठ सांभाळण्यात जाते आणि प्रतिकारशक्ती उतरते.

इथे पानं थोडी मदत करू शकतात. शेवगा, पेरू, देशी बदाम यांच्या पानांत अशी द्रव्यं असतात, जी ताणामुळे पेशींची होणारी झीज कमी करतात. वेगवेगळ्या झाडांचा पाला खाद्यातून देऊन प्रयोग झाले आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी मासे ताण बरा सोसतात असं दिसलं आहे. पण अशा प्रयोगांत खाद्य आधी काही आठवडे दिलेलं असतं आणि टाकीतलं मीठ माणसाच्या हातात असतं. आपल्या अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात उधाणाने बाहेरकाठ्याला खांड गेली, की खाडी एका रात्रीत तलावात. त्या वेळी कुठलीही भुकटी कामाची नाही. *भुकटी ही आधीची तयारी आहे, इलाज नव्हे.*

जिताडा पाळणाऱ्यांनी तर हा खर्च करूच नये. जिताडा खारं-गोडं दोन्ही पाणी सोसतो आणि आपल्याकडे तो जिवंत मासळीवर वाढतो. कोंडा-पेंडीत मिसळलेली भुकटी त्याच्या पोटात जाणारच नाही.

दुसरा धोका गुपचूप येतो. ६ फूट पाण्यात ३ पीपीटी खारेपणा असेल आणि उन्हाने पाणी आटून ३ फुटांवर आलं, तर मीठ तेवढंच राहतं, म्हणून खारेपणा ६ च्या घरात जातो. मार्च ते मे हेच होतं. पानांचा उपयोग झाला तर या हळूहळू चढणाऱ्या खारेपणात होईल, म्हणून तयारी आत्ताच हवी.

*काय करावं?*

१) पाच-सहा जणांनी मिळून एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दर आठवड्याला वरचं आणि तळाचं, दोन्ही पाणी मोजा. खारं पाणी जड असतं, ते तळाशी बसतं.

२) अमावास्या-पौर्णिमेच्या आधी उघाडी आणि बांध तपासा. खेकड्यांची बिळं बुजवा. जवळ गोडं पाणी असेल तर तलाव आटण्याआधी भर घाला.

३) शेवग्याच्या छाटणीचा पाला सावलीत वाळवा, दळा, चाळा. १ किलो खाद्याला ५ ते १० ग्रॅम पुरे. जास्त घातली तर पचन बिघडतं. फवारणी केलेल्या झाडाचा पाला नको.

४) *ओला पाला तलावात टाकू नका.* तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात.

५) एकाच तलावात दोन हापे लावा. दोन्हीत सारखीच बोटुकली, सारख्याच वजनाची. एकात साधं खाद्य, एकात भुकटीचं. दर १५ दिवसांनी वजन आणि मर लिहून ठेवा.

कोणी म्हणेल, पाकीट फाडून टाकणं सोपं, एवढा उपद्व्याप कोण करणार? खरं आहे. पण पाकिटाचे पैसे दर हंगामाला जातील, आणि मासे वाचले ते भुकटीने की वेळेवर बुजवलेल्या बांधाने, हे कधीच कळणार नाही. हापा लावला तर दोन महिन्यांत उत्तर हातात येईल. आठ-दहा तलावांत फरक दिसला, तर पाला गोळा करून भुकटी करायचं काम गावातल्याच बचत गटाला देऊ, पैसा गावातच राहील. फरक नाही दिसला, तर पाकिटाचा विषय कायमचा मिटला.

ज्यांना हापा लावायचा आहे त्यांनी या मेसेजला *"हापा"* एवढंच लिहून उत्तर द्यावं, सोबत आजचं मीटरचं रीडिंग. मीटर नसेल तर तेही कळवा, शेजारच्या गटाचं मिळवून देऊ.