नव्वद दिवसांची साक्ष : नव्या गाड्यांच्या गुणवत्ता-याद्या आणि टिकाऊपणाचा प्रश्न

१/
'प्रारंभिक गुणवत्तेत प्रथम क्रमांक' असे शब्द जाहिरातीत दिसले, की ग्राहक त्याचा अर्थ 'ही गाडी दहा वर्षे त्रास देणार नाही' असा लावतो. जाहिरातीतले विधान सहसा खोटे नसते. त्याचा लावला जाणारा अर्थ मात्र चुकीचा असतो. या दोहोंमधील अंतराला अर्ध्या शतकाहून मोठा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
या याद्यांशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे जे. डी. पॉवर. जेम्स डेव्हिड पॉवर (तृतीय) यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात, घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ही संस्था सुरू केली. काम साधे होते : गाडीमालकांना प्रश्नावली पाठवायची, आलेली उत्तरे मोजायची आणि निष्कर्ष कंपन्यांना विकायचे. अमेरिकेत तेव्हा नवखी असलेली टोयोटा ही तिच्या पहिल्या मोठ्या ग्राहकांपैकी एक.

३/
संस्थेचे नाव गाजले ते माझ्दामुळे. १९७० च्या दशकारंभी माझ्दाच्या रोटरी इंजिनाचा मोठा गवगवा होता. पिस्टनऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर, त्यामुळे कंप कमी आणि चाल मुलायम. पॉवर यांच्या पत्नी जुली घरी उत्तरपत्रिका चाळत असताना त्यांच्या लक्षात आले, की जास्त चाललेल्या गाड्यांचे मालक एकच तक्रार पुन्हा पुन्हा लिहीत आहेत : इंजिनातील ओ-रिंग निकामी होते.

४/
३० ते ५० हजार मैल, म्हणजे साधारण ४८ ते ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाड्यांत दर पाचांपैकी एका मालकाची हीच तक्रार होती. १९७३ मध्ये ही बातमी 'वॉल स्ट्रीट जर्नल'पर्यंत पोहोचली आणि एका लहानशा संस्थेचे नाव मोटार उद्योगात सर्वतोमुखी झाले.

येथे एक तपशील निसटू देता कामा नये. ही कीर्ती नव्या गाड्यांच्या पाहणीतून आलेली नव्हती. ज्यांच्या गाड्या झिजल्या होत्या, त्यांना प्रश्न विचारल्यामुळे दोष सापडला. त्याच गाड्यांचे मालक पहिल्या तीन महिन्यांत गाठले असते, तर बहुतेकांनी रोटरी इंजिनाची स्तुतीच केली असती.

५/
पुढे मात्र सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती नेमक्या उलट्या टोकाच्या पाहणीला. १९८७ मध्ये 'इनिशियल क्वालिटी स्टडी' सुरू झाला. नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांत मालकाला कोणत्या अडचणी आल्या, हे विचारायचे आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढायचा. आकडा जितका लहान, तितका क्रमांक वरचा.

६/
ही पाहणी निरर्थक होती असे नाही. जपानी कंपन्यांच्या स्पर्धेने त्या काळात अमेरिकी कारखाने हादरले होते. दार नीट बसत नाही, रंगावर डाग आहे, काचेतून वारा शिटी घालतो, अशा उणिवा कारखान्याला वर्षाच्या आत कळणे आवश्यक होते. नव्वद दिवसांची मुदत त्यासाठी योग्यच होती. कारखान्याच्या शेवटच्या तपासणीतून काय सुटले, हे कारखान्याला सांगणारा तो आरसा होता.

७/
आरशाचा फलक झाला तो जाहिरातीमुळे. १९८४ च्या सुपर बोल सामन्यात सुबारूने आपल्या जाहिरातीत जे. डी. पॉवरच्या ग्राहक-समाधान पाहणीचा उल्लेख केला आणि पायंडा पडला. क्रमांक विकत मिळत नाही, पण मिळालेला क्रमांक जाहिरातीत मिरवायचा असेल, तर कंपनीला परवान्याचे शुल्क भरावे लागते. अशा रीतीने कारखान्यासाठी बेतलेले मोजमाप खरेदीदारासमोर प्रमाणपत्र म्हणून उभे राहिले. प्रश्न बदलला नाही. तो वाचणारा बदलला.

८/
हा आकडा नेमके काय मोजतो, हे पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते. त्यात प्रत्येक तक्रार एक म्हणून गणली जाते. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही, ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी झाला, हीही एकच. पहिलीचा उपाय सॉफ्टवेअरच्या अपडेटने फुकट होतो. दुसरीत घरातील वर्षभराची बचत जाऊ शकते. शिवाय बिघडलेली वस्तू आणि गैरसोयीची रचना या दोन्ही गोष्टी एकाच बेरजेत येतात.

९/
याचे ठळक उदाहरण फोर्ड. २०१० च्या यादीत पाचव्या स्थानी असलेली ही कंपनी २०११ मध्ये एकदम २३ व्या स्थानी घसरली. एका वर्षात तिची इंजिने बिघडू लागली होती का? घसरणीचे मुख्य कारण होते 'मायफोर्ड टच' ही पडद्यावरची नियंत्रण-व्यवस्था. लोकांना ती कळत नव्हती आणि ती वारंवार अडकत होती. तक्रार रास्त होती. पण ही घसरण पाहून फोर्डच्या इंजिनांच्या आयुष्याविषयी निष्कर्ष काढणारा फसला असता.

१०/
त्याहून बोलके उदाहरण खुद्द आकड्याचे आहे. अमेरिकेतील सर्व ब्रँडची सरासरी २०१९ मध्ये दर १०० गाड्यांमागे ९३ तक्रारी होती. २०२० मध्ये ती १६६ झाली. बारा महिन्यांत जगभरचे कारखाने पावणेदोन पट वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. त्या वर्षी प्रश्नावली नव्याने आखली गेली होती. प्रश्न बदलले, म्हणून उत्तरे बदलली. या आकड्यांवरून दोन दशकांचा आलेख काढणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

११/
दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रारंभिक गुणवत्ता पुढच्या टिकाऊपणाची चांगली पूर्वसूचना देते, अशी संस्थेची स्वतःची भूमिका आहे आणि तिला आधार आहे. लेक्सस नव्या गाड्यांच्या याद्यांत वर असे. तीन वा अधिक वर्षे जुन्या गाड्यांच्या टिकाऊपणा-पाहणीतही १९९५ ते २००८ अशी सलग १४ वर्षे ती पहिली होती. जो कारखाना दाराची फट काटेकोर ठेवतो, तो बेअरिंगही काटेकोर बसवत असण्याची शक्यता अधिक असते.

१२/
तथापि शक्यता म्हणजे खात्री नव्हे. ज्या दोषांची ग्राहकाला खरी भीती वाटते, ते दोष नव्वद दिवसांत बहुधा दिसतच नाहीत. ह्युंदाई आणि किया यांचा इतिहास या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे.

१३/
२००४ मध्ये अमेरिकेच्या प्रारंभिक गुणवत्ता यादीत ह्युंदाईने (१०२) टोयोटाला (१०४) मागे टाकले. काही वर्षांपूर्वी यादीच्या तळाशी असलेल्या कंपनीची ही झेप सर्वांना थक्क करून गेली. त्याच वर्षीच्या टिकाऊपणा-पाहणीत मात्र ती सरासरीच्या बरीच खाली होती. यात विसंगती नव्हती. एक पाहणी २००४ च्या गाड्यांविषयी बोलत होती, दुसरी तीन वर्षांपूर्वी बनलेल्या गाड्यांविषयी. सुधारणा खरीच होती. २०१६ मध्ये कियाने ८३ तक्रारींसह संपूर्ण यादीत पहिला क्रमांक पटकावला. आलिशान गटाबाहेरच्या ब्रँडला हा मान २७ वर्षांनी मिळत होता.

१४/
याच सुमारास दुसरी कथा उलगडत होती. २०११ पासूनच्या काही गाड्यांत 'थीटा २' या मालिकेची इंजिने होती. क्रँकशाफ्ट घडवताना उरलेला धातूचा कीस पूर्णपणे काढला गेला नव्हता. तो कीस तेलाच्या वाटेत अडे, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पडे, बेअरिंग झिजे, ठोके ऐकू येत आणि शेवटी चालत्या गाडीतच इंजिन जाम होई. नव्या गाडीत यातले काहीही जाणवत नसे.

१५/
सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१७ च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्यांच्या रिकॉलची घोषणा केली. रिकॉल वेळेत केले नाहीत, या आक्षेपावरून नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी वाहन-सुरक्षा प्रशासनाशी करार झाले. दंड, सक्तीचा सुरक्षा-खर्च आणि स्थगित रक्कम मिळून त्यांचा आकडा २१ कोटी डॉलर होता. या प्रकरणाची माहिती देणाऱ्यांत ह्युंदाईतलाच एक अभियंता होता. त्याला २०२१ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले.

१६/
२०१६ चा पहिला क्रमांक त्यामुळे खोटा ठरत नाही. तो २०१६ च्या नव्या गाड्यांविषयी होता आणि त्यापुरता खराच होता. पण २०११ ची गाडी घेतलेल्या माणसाला त्या वर्षीच्या कोणत्याही नव्वद दिवसांच्या यादीने सावध केले नसते. कीस इंजिनात होता. साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर नव्हता.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. समकालीन साधन उत्तरकालीन बखरीहून श्रेष्ठ मानावे, हा संस्कार राजवाड्यांपासून मराठी इतिहासलेखनावर झाला. पण साधन कशाला समकालीन आहे, हाही प्रश्न असतोच. १६७४ मध्ये रायगडावर हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनचे वृत्त राज्याभिषेकासाठी मोलाचे आहे. त्यावरून पुढच्या तीस वर्षांत त्या राज्यावर काय गुदरले, हे कोणी ठरवणार नाही. नव्वद दिवसांची यादी ही गाडीच्या राज्याभिषेकाची साक्ष आहे.

१८/
साक्ष कोणाची, हा प्रश्न तर अधिकच महत्त्वाचा. प्रारंभिक पाहणीत उत्तर देणारा नवा मालक असतो आणि त्याच्या हाती वॉरंटी असते. तीन वर्षांच्या टिकाऊपणा-पाहणीतही मूळ मालकालाच विचारले जाते. सातव्या वर्षी तीच गाडी सेकंड-हँड घेणारा, वॉरंटी संपलेली असताना इंजिनाच्या कामासाठी कर्ज काढणारा माणूस या दोन्ही नमुन्यांत नाही. बिघाडाची सर्वांत जड किंमत जो भरतो, त्यालाच कोणी प्रश्न विचारत नाही. या याद्यांचा सर्वांत मोठा दोष आकडेमोडीत नसून या मौनात आहे.

१९/
मग अधिक काळ थांबून घेतलेल्या साक्षी पाहाव्यात का? पाहाव्यात, पण त्यांच्याही मर्यादा आहेत.

'कन्झ्युमर रिपोर्ट्स' आपल्या सभासदांना अनेक वर्षे जुन्या गाड्यांविषयी विचारते. सभासद म्हणजे सर्व वाहनधारक नव्हेत.
जर्मनीतील आडाक या मोटार संघटनेची रस्त्यावरील बिघाडांची आकडेवारी १९७८ पासूनची आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या मदतसेवेने हाताळलेले बिघाड तिच्यात येतातच असे नाही.
त्याच देशातील ट्यूफ अहवाल सक्तीच्या तपासणीवर आधारलेला आहे. तो ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गंज पाहतो, गिअरबॉक्सचे आयुष्य मोजत नाही.

२०/
तरीही या साधनांत एक गुण आहे : काळ त्यांच्या बाजूने साक्ष देतो. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची एमओटी तपासणी सक्तीची आहे. आज तिथे तीन वर्षांहून जुनी गाडी दरवर्षी तपासली जाते आणि मॉडेल, चाललेले अंतर, निकाल व नापास होण्याची कारणे खुल्या स्वरूपात प्रसिद्ध होतात. तिथे गाडी पहिल्या मालकाची की चौथ्याची, याने फरक पडत नाही. सगळ्यांची नोंद होते.

२१/
भारतातही जे. डी. पॉवरची प्रारंभिक गुणवत्ता पाहणी १९९७ पासून सुरू झाली आणि तिचे क्रमांक जाहिरातींत झळकले. खासगी गाडीची फिटनेस तपासणी मात्र येथे १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. टॅक्सीसारख्या व्यावसायिक वाहनांची तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावी लागते. खासगी ग्राहक घेतो तीच अनेक मॉडेल्स टॅक्सी म्हणूनही धावतात. त्या तपासण्यांचे निकाल मॉडेलनिहाय खुले झाले, तर कोणत्याही पुरस्कारापेक्षा ते ग्राहकाच्या अधिक उपयोगाचे ठरतील. रिकॉलची सक्ती कायद्याने १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. नोंदी खुल्या करणे ही त्यापुढची पायरी असायला हवी.

२२/
मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीला कोणत्या यादीने पहिला क्रमांक दिला असता? ती बिघडत असे. पण रस्त्याकडेच्या मेकॅनिकला ती उघडता येई, सुटे भाग मिळत आणि टॅक्सीवाल्याचा दिवस फुकट जात नसे. २००३ मध्ये नोंदवलेली अखेरची पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ मध्ये निवृत्त झाली. बिघाडांची संख्या आणि बिघाडाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या चालकांना कोणत्याही पाहणीविना ठाऊक होते.

२३/
सारांश : नव्या गाड्यांची गुणवत्ता-यादी खोटी नाही आणि टिकाऊपणाची हमीही नाही. ती कारखान्यातून गाडी किती नीटस बाहेर पडली आणि पहिल्या तीन महिन्यांत मालक किती वैतागला, हे सांगते. टिकाऊपणा जाणायचा असेल, तर त्या मॉडेलचे इंजिन व गिअरबॉक्स यापूर्वी कोणत्या गाड्यांत किती वर्षे चालले आहेत, ते पाहावे. पूर्णतः नव्या रचनेच्या पहिल्या वर्षाच्या गाडीबाबत सबुरी ठेवावी. आणि ती गाडी आठ वर्षे वापरलेल्या माणसाला गाठून विचारावे.

१९७३ मध्ये एका स्वयंपाकघरात नेमके हेच केले गेले होते.