यजमान हलका हवा

मंडळी, मागच्या वेळी आपण जुन्या फोनमधले फोटो वाचवले होते. या वेळची गोष्ट आमच्याच घरातली, आदिलाबादची.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वीसेक वर्षांपूर्वी गावाच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. कापसाचा बाजार, जिनिंगमधली माणसं, 1956 साली राजुरा तालुका आपल्या जिल्ह्यातून निघून पलीकडे गेला तेव्हाच्या सोयरिकी, असं बरंच काही. ओळखीच्या डीटीपीवाल्याने ते पेजमेकरमध्ये टाइप करून सीडी दिली. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. दिवाळीत पुतणीने ती सीडी उघडली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला!

युनिकोड घरोघरी रुळण्याआधी मराठी अशीच साठवली जायची. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि त्यावर मराठी आकारांचा फॉन्ट. फॉन्ट गेला की मराठी गेली. सीडीसोबतचं अक्षरांचं सॉफ्टवेअर आणि त्याचं युएसबी लॉक कपाटात सापडलं, पण ते चालणार विंडोज एक्सपीवर. एक्सपीचा आमचा संगणक कधीच भंगारात गेला, त्याची सीडी तेवढी उरली होती.

अशा वेळी कामाला येतं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, नुसत्या सॉफ्टवेअरचा संगणक. बाहेरच्या सिस्टीमला होस्ट म्हणतात, आतलीला गेस्ट. आपले शब्द जास्त नेमके आहेत: यजमान आणि पाहुणा. आमचं घर लहान होतं. लॅपटॉप जुना, रॅम 4 जीबी. त्यावरच्या विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 त्या प्रोसेसरला दारातही उभं करेना. शिवाय पुतणीला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स सर्व्हरचा आणखी एक पाहुणा हवा होता. विंडोज 10 स्वतःच दोनेक जीबी अडवून बसायची. यजमानच सगळ्या खोल्यांत पाय पसरून झोपला तर पाहुण्याने झोपायचं कुठे?

पुतणी म्हणाली, "काका, प्रॉक्समॉक्स टाकू." प्रॉक्समॉक्स उत्तम आहे, पण कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरसाठी. त्याला दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून हाकायचं असतं आणि आमच्याकडे दुसरा संगणकच नाही. मग ती अल्पाइन लिनक्सवर आली. ते फारच हलकं, पण रोजच्या वापरासाठी एकेक गोष्ट आपणच जोडत बसायची. ती परत हैदराबादला गेल्यावर काही बिघडलं तर निस्तरायचं मला. सर्वांत हलकी सिस्टीम आणि आपल्याला पुरेशी हलकी सिस्टीम, यांत फरक आहे. मी डेबियनवर अडून बसलो. डेस्कटॉप एक्सएफसीई, वर नको ते काही नाही. सुरू झाल्यावर आमच्या मशीनवर ते सहाशे एमबीच्या आसपास घेतं. एक्सपीला 512 एमबी दिले, सर्व्हरला 1 जीबी. उरलेल्यात ब्राउझरही चालतो, टॅब मोजून उघडले तर. (डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीही आहे, एकदा निवडून बघाच.)

पाहुणे चालवायला केव्हीएम. ते 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे यजमानावर वेगळा बोजा पडत नाही. खिडक्या आणि बटणं हवीत म्हणून व्हर्ट-मॅनेजर.

पहिल्या दिवशी एक्सपी गोगलगायीसारखी सरकत होती. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होती. ती आधी चालू करा, मग बाकीचं. नंतर इन्स्टॉल करताना एक्सपीला डिस्कच दिसेना. तिला नवे डिस्क-प्रकार कळत नाहीत, जुनी आयडीई लागते, आणि आपोआप निवडलेल्या क्यू-35 चिपसेटमध्ये आयडीई मिळत नाही. आय-440-एफएक्स हा जुना प्रकार निवडला आणि काम झालं. यात दोन रात्री गेल्या. त्यातल्या एका रात्री ऐन वेळी करंट गेला. (आमच्याकडे वीज जात नाही, करंटच जातो.) एक्सपीचा आधार 2014 सालीच संपला आहे, म्हणून तिचं नेटवर्क कार्ड काढून टाकलं. पाहुणा घरात राहील, गावभर हिंडणार नाही. युएसबी लॉक मात्र व्हर्ट-मॅनेजरमधून थेट तिच्या हवाली करता येतं.

तिसऱ्या रात्री फाइल उघडली आणि पानभर मराठी दिसली. पुतणीने आरडाओरडा करून सगळं घर उठवलं.

आता मजकूर युनिकोडमध्ये आणतोय. हे काम किचकट आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर, आणि रफार तर भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. परिवर्तक प्रोग्राम बरंच जुळवतो, उरलेलं डोळ्यांनीच शोधायचं. दादा आता 86 वर्षांचे आहेत, बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून पुतणी रविवारी हैदराबादहून फोनवर वाचून दाखवते. शाळेत मराठी न शिकलेली पोर, जोडाक्षरांपाशी अडखळते. दादा पलीकडून म्हणतात, "थांब, इकार कुठं पळाला तुझा?"

गेल्या रविवारी चौदाव्या पानावर त्यांनी तिला अडवलं. टायपिंगची चूक नव्हती. जिनिंगमधल्या एका माणसाचं नाव त्यांनी तेव्हा मुद्दाम गाळलं होतं, ते आता घालायचं म्हणाले.