गाडी दारात, बिल प्रिंटरात

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत संध्याकाळच्या वेळी एखाद्या छोट्या कारखान्याच्या दारात टेम्पो उभा असतो. माल भरून झालेला असतो, ताडपत्री बांधून झालेली असते आणि चालक घाई करीत असतो. आत मात्र मालक, मुनीम आणि दोन कामगार प्रिंटरभोवती जमलेले असतात. संगणकावर बिल तयार आहे, पण कागद बाहेर येत नाही. कोणी वायर हलवून पाहतो, कोणी छपाईचे बटण दहा वेळा दाबतो. शेवटी फोनवरून कोणीतरी निकाल देऊन टाकतो : ‘प्रिंटर जुना, संगणक नवा. यूएसबी जुळत नाही. नवा प्रिंटर घ्या.’

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, हा प्रसंग आम्ही या पट्ट्यात अनेकदा पाहिला आहे. आमचे स्पष्ट मत असे की, हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. लेथवरचे काम बिघडले तर आपण लेथ विकावयास काढत नाही. आधी टूल पाहतो, मग चक पाहतो, मग मोटर. प्रिंटरच्या बाबतीत मात्र तपास न करताच खिशात हात घालतो. मेहनतीचा पैसा असा अज्ञानापायी जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम यूएसबीविषयी. संगणकाला प्रत्येक यंत्र वेगवेगळ्या खाचेत जोडावे लागू नये, एकच खाच सर्वांना चालावी, या हेतूने ही पद्धत १९९६ साली आली. तिच्यामागे इंटेल कंपनीतील जे अभियंते होते, त्यांतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पुढे २००० साली यूएसबी २.० आणि २००८ साली यूएसबी ३.० आली. पहिलीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, दुसरीचा ४८०, तिसरीचा ५ हजार. परंतु नव्या खाचेत जुने यंत्र चालावे, ही अट प्रत्येक वेळी पाळली गेली. दोघांपैकी जो हळू, त्याच्या चालीने काम होते, एवढेच. आजही बाजारातले बहुतेक साधे प्रिंटर २.० वरच चालतात, कारण बिल छापण्यास त्याहून अधिक वेगाची गरजच नसते. म्हणून ‘आवृत्ती जुळत नाही’ हे कारण सर्वांत शेवटी मानावे, सर्वांत आधी नव्हे.

मग बिघाड असतो कोठे? तो शोधण्याचा एक क्रम आहे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा त्यातला पहिला नियम.

पहिली पायरी : वायर काढून ठेवा आणि प्रिंटरला एकट्यालाच छापावयास लावा. अनेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये लाइन फीडचे बटण दाबून धरून यंत्र चालू केले की चाचणीचा कागद आपोआप छापला जातो. इतर प्रिंटरची पद्धत त्यांच्या पुस्तिकेत असते. चाचणी छापली गेली तर प्रिंटर धडधाकट आहे. दोष पुढे आहे. या एका पायरीने अर्धा प्रश्न सुटतो आणि नवा प्रिंटर घेण्याचा विचारही तेथेच थांबतो.

दुसरी पायरी : वायर आणि खाच. यूएसबी २.० ची वायर पाच मीटरपेक्षा लांब असू नये. कार्यालयातून गोदामात नेण्यासाठी दोन वायरी जोडून लांबवणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. लोखंडाची धूळ आणि रसायनांची वाफ यांमुळे खाचेतले संपर्क खराब होतात. तसेच वेल्डिंग यंत्राच्या किंवा मोटरच्या ड्राइव्हच्या केबलला लागून यूएसबीची वायर नेली तर जोडणी मध्येच तुटते. वायर वेगळ्या वाटेने न्यावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. निळ्या रंगाची खाच बहुधा ३.० ची असते. क्वचित एखादा जुना प्रिंटर तीत अडतो, तेव्हा काळ्या खाचेत लावून पाहावा. विंडोज ७ मध्ये तर ३.० चा ड्रायव्हर मुळातच नव्हता, त्यामुळे तो वेगळा घातल्याशिवाय निळी खाच निकामी राहात असे. आवृत्तीचा खरा अडथळा येतो तो अशाच मोजक्या ठिकाणी.

तिसरी पायरी संगणकातली आहे आणि आमच्या अनुभवात सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. साफसफाईच्या वेळी वायर निघते आणि दुसऱ्या खाचेत लागते. विंडोज त्याला कधी कधी नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ असे नाव देते. जुने नाव यूएसबी ००१ वर राहते, नवे ००२ वर जाते आणि आपली बिले मात्र जुन्या नावाकडेच जाऊन पडतात. कोणत्या नावावर काम जात आहे, ते नाव ‘ऑफलाइन’ तर नाही ना, आणि रांगेत एखादे जुने बिल अडकले आहे काय, हे पाहावे. रांग हटत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ बंद करून पुन्हा चालू करावा.

चौथी पायरी ड्रायव्हरची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. त्यामुळे संगणक बदलून विंडोज ११ घेणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. ज्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटमध्येच निघाला, तो तेथे चालणार नाही. हा दोष यूएसबीचा नव्हे, ड्रायव्हरचा. प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीकडे ६४ बिटचा ड्रायव्हर आहे काय, हे संगणक घेण्याच्या आधी विचारावे, नंतर नव्हे.

कधी दोष आपला नसतोही. २०२५ च्या सुरुवातीस विंडोजच्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप अगम्य अक्षरांचे कागद छापू लागले होते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये दुरुस्ती दिली. त्या वेळी ज्यांनी घाईने प्रिंटर बदलला, त्यांचा पैसा व्यर्थ गेला.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुने डॉट मॅट्रिक्स टाकून द्यावे. आम्ही त्याशी सहमत नाही. जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : ग्राहकाची, वाहतूकदाराची आणि आपली. डॉट मॅट्रिक्स कार्बनवर त्या एका ठोक्यात काढतो. मात्र ज्याला ड्रायव्हरच मिळत नाही किंवा ज्याची दुरुस्ती त्याच्या किमतीला भिडते, तो प्रिंटर जरूर बदलावा. पण चारही पायऱ्या झाल्यावर.

आणि दारातल्या टेम्पोचे काय? नियम १३८-अ प्रमाणे ई-वे बिल छापलेलेच हवे असे नाही, चालकाजवळ त्याचा क्रमांक असला तरी पुरतो. बिल किंवा चलन मात्र सोबत हवे. त्यासाठी छापील क्रमांकांचे एक हातबिलबुक कपाटात ठेवावे आणि त्यात लिहिलेले प्रत्येक बिल त्याच दिवशी हिशोबात घ्यावे. प्रिंटर बंद पडला म्हणून माल थांबला, हे कारण मग उरत नाही.

शेवटी दोन शब्द, दोघांसाठी. दुरुस्ती करणाऱ्या बंधूंनी वायर बदलून काम झाले असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि आपल्या कसबाची मजुरी उघडपणे मागावी. ती हक्काची आहे. न बिघडलेला भाग बदलल्याचे पैसे हक्काचे नाहीत. कारखानदार बंधूंनी या चार पायऱ्या एका कागदावर लिहून प्रिंटरशेजारच्या भिंतीवर चिकटवाव्यात आणि मुनिमाबरोबर घरातल्या एका मुलालाही शिकवाव्यात. मात्र कागद हाताने लिहा. तो छापण्यासाठी प्रिंटरची वाट पाहू नका.