पिंजऱ्यातलं पिल्लू आणि गोठ्यातलं औषध

पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातल्या कामथडीच्या शिवारात उभं राहून वर पाहिलं तर आकाश रिकामं नसतं. घारी असतात, तारेवर बसलेली कापशी असते, वस्तीतल्या चिमण्यांवर टपलेला शिक्रा असतो. पश्चिमेला वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, कड्यांकडे गेलं तर नशिबाने शाहीन ससाणाही दिसतो. गिधाडं मात्र दिसत नाहीत. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही गावाबाहेर टाकलेल्या ढोरावर उतरणारे त्यांचे थवे आठवतात. बैल मेल्याची बातमी भावकीत पोचायच्या आधी ती गिधाडांना कळायची, आणि दुपार कलायच्या आत हाडांचा सापळा उरायचा.

देशात १९८०च्या दशकात गिधाडांची संख्या चार कोटींच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जे घडलं त्याला पक्ष्यांच्या ज्ञात इतिहासात फारशी तोड नाही. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटलं, लांब चोचीचं सुमारे ९७ टक्क्यांनी. पहिलं झाडावर घरटं बांधतं, दुसरं कड्याच्या कपारीत. सह्याद्रीचा हा पट्टा दोघांनाही सोयीचा.

कारण कळायला उशीर लागला. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट आधी टिपली. माना टाकून बसलेले आणि मग झाडावरून खाली पडणारे पक्षी त्यांना दिसत होते. साथीचा रोग असावा असा संशय बरीच वर्षं होता. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या तपासणीतून खरा धागा शोधला. गुरांना ताप, सूज, लंगडेपणा यांवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे ते औषध. औषध दिलेलं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. रक्तातलं युरिक आम्ल वाढतं आणि हृदय, यकृत यांवर पांढऱ्या खडूसारखा थर चढतो. शेकड्यात एखाद्याहून कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित अभ्यासकांनी मांडलं. एका ढोरावर पन्नास-शंभर पक्षी जेवत असतील तर एक इंजेक्शन अख्खा थवा संपवतं.

यातून उभं राहिलं हरियाणातलं पिंजोरचं केंद्र. २००१ साली ते आजारी गिधाडांच्या देखभालीसाठी सुरू झालं आणि पुढे प्रजननाचं केंद्र बनलं. त्याच धर्तीवर आसाममध्ये राणी, पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा आणि मध्य प्रदेशात भोपाळ इथे केंद्रं झाली. या कामाला लागणारी चिकाटी समजून घ्यायला हवी. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी दोघंही आळीपाळीने ते सुमारे पावणेदोन महिने उबवतात. पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. त्यामुळे केंद्रात एक युक्ती करतात. पहिलं अंडं काढून उबवणयंत्रात ठेवायचं, म्हणजे जोडी त्याच हंगामात दुसरं घालते. मोठाल्या जाळीदार पक्षिगृहांत माणसाचा वावर कमीत कमी ठेवतात आणि घरट्यांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवतात. खायला बकऱ्याचं मांस. तो बकरा कापण्याआधी आठवडाभर केंद्राच्या ताब्यात ठेवलेला असतो, कारण बाजारातून आणलेल्या जनावराच्या अंगात डायक्लोफिनॅक असेल तर ते तेवढ्या दिवसांत निघून जातं.

हा आठवडा माझ्या डोक्यातून जात नाही. कुंपणाच्या आत वाढणाऱ्या पिल्लाच्या तोंडचा घास जपायला आठवडाभराचा पहारा आहे. कुंपणाबाहेर सोडलेल्या पिल्लाच्या घासाला तो कोण देणार?

पिंजोर पाहून आलेल्या कुणालाही वाटेल की असं केंद्र आपल्या सह्याद्रीतही हवं. मलाही वाटतं. पण शिकारी पक्ष्यांच्या प्रजननाचा पन्नास-साठ वर्षांचा जागतिक अनुभव समोर ठेवला तर या मागणीचा क्रम बदलावा लागतो.

अमेरिकेत बहिरी ससाण्याची गोष्ट अशीच. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि १९६०च्या दशकात देशाच्या पूर्व भागातून तो नाहीसा झाला. कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड स्वतः ससाणे पाळून शिकार करणारे होते. त्यांनी १९७० साली पेरेग्रीन फंड सुरू केला. पिल्लू उंच जागी ठेवून, लपून खाऊ घालून, हळूहळू उडतं करायची पद्धत जुन्या बाजदारांची होती. त्यांनी ती हजारो पिल्लांसाठी वापरली. १९९९ साली बहिरी ससाणा तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. राजेरजवाड्यांच्या शौकासाठी शतकानुशतकं जमवलेली विद्या पक्ष्याच्याच कामी आली, ही त्या गोष्टीतली मला सर्वांत भावणारी बाब. मात्र १९७२ साली डीडीटीवर बंदी आली होती हेही त्याच गोष्टीत आहे. विष आधी हटलं, पिल्लं नंतर उडाली.

कॅलिफोर्नियाच्या काँडरचं तसं झालं नाही. १९८७ सालापर्यंत जगातले उरलेले सगळे २७ काँडर पिंजऱ्यात आले आणि १९९२पासून त्यांची पिल्लं पुन्हा बाहेर सोडायला सुरुवात झाली. प्रजनन उत्तम जमलं, आज पक्षी शेकड्यांत आहेत. पण शिकाऱ्यांच्या गोळ्यांमधलं शिसं मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जातच राहिलं. शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यावर कॅलिफोर्नियात संपूर्ण बंदी यायला २०१९ साल उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही पक्षी पकडून, रक्त तपासून, शिसं उतरवून पुन्हा सोडायचं हे काम चालूच आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही विषाशी अशी शर्यत लावणं परवडत नाही.

भारताने २००६ साली डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली ती मात्रा ३ मिलिलिटरच्या एकेरी कुपीपुरती मर्यादित केली. अॅसिक्लोफिनॅक गुराच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. ते आणि केटोप्रोफेन यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. म्हणजे पहिलं औषध ओळखल्यापासून जवळपास दोन दशकं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं, गुरांना गुण देणारं औषध या सगळ्या काळात उपलब्ध होतं. इतका उशीर होण्याला मला कोणतंही सबळ कारण दिसत नाही.

आणि किंमत केवळ पक्ष्यांनी मोजलेली नाही. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखवून दिलं, की ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती तिथे ती गेल्यावर माणसांचा मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा हिशेब आहे. कुजणारं मांस, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री, कुत्र्यांबरोबर रेबीज.

आता एक अवघड गोष्ट. गिधाडांच्या आठवणी काढताना आपण गावाबाहेरच्या त्या जागेच्या आठवणीही काढतो, आणि ती जागा कोण चालवत होतं ते सोयीने विसरतो. मेलेलं ढोर ओढून नेणं हे गावगाड्याने महार समाजावर लादलेलं काम होतं. वरंधा घाट उतरला की भोरहून महाड गाठता येतं. त्या महाडात मार्च १९२७मधल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणं आणि असली कामं सोडण्याचं आवाहन केलं. पुढे १९५८च्या कायद्याने, अशी कामं ज्यांना बांधलेली होती ती, मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतनं संपली. ते संपणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार कुणालाही नाही. चूक झाली ती पुढे. ज्या कामाची गावाला गरज होती ते गावाने स्वतःचं मानलं नाही, त्याला पैसा दिला नाही, त्याची जागा राखली नाही. आज भोर-वेल्ह्यात जमिनी प्लॉट पाडून विकल्या जातात, आणि म्हैस मेली की जेसीबी बोलावून खड्डा खणतात किंवा अंधारात ओढ्याकाठी ढकलून देतात. गिधाड परत आलं तरी त्याला वाढायचं कुठे?

याचं उत्तर महाराष्ट्रातच काही ठिकाणी दिलं गेलं आहे. महाडच्या सिस्केप संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव परिसरात गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडं जपली आणि मृत जनावरं ठरावीक जागी गिधाडांसाठी पोचवली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने त्या किनाऱ्यावरची झाडं उन्मळून टाकली, तरी काम थांबलं नाही. नाशिककडे त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल भागातल्या खोरीपाड्याला वन विभाग आणि आदिवासी गावकऱ्यांनी गिधाडांसाठी उपाहारगृह चालवलं, आणि जवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून आहेत. त्याच जिल्ह्यात टाकेदला जटायूचं देऊळ आहे. तिथे डोकं टेकवणाऱ्या प्रत्येकाला हे खोरीपाड्याचं काम माहीत असावं असं वाटतं.

पिंजोरची पिल्लंही महाराष्ट्रात आली आहेत. जानेवारी २०२४मध्ये दहा पक्षी ताडोब्याला आणि दहा पेंचला आणले, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात सरावासाठी ठेवले आणि मग पाठीवर टॅग लावून सोडले. त्यांतल्या ताडोब्याच्या एकाने थेट तमिळनाडू गाठलं. काही दगावले. चंद्रपूरच्या जंगलात सोडलेला पक्षी अनेक राज्यांतली गुरं खात फिरतो, हे त्या टॅगांनी ठळकपणे दाखवलं. अभयारण्याची हद्द त्याला बांधून ठेवत नाही. ताडोब्याच्या पक्ष्याचं जगणं-मरणं अनोळखी तालुक्यातल्या गोठ्यावर अवलंबून आहे, आणि उद्या कुणी सह्याद्रीत पक्षी सोडले तर ते इथल्या गोठ्यांवर राहील.

म्हणून माझ्या मते भोर आणि राजगड तालुक्यांनी केंद्राची वाट पाहू नये. पशुसंवर्धन विभागाने दोन्ही तालुक्यांतल्या दवाखान्यांत मेलॉक्सिकॅम कायम उपलब्ध ठेवावं. नसरापूर, भोर, वेल्ह्याच्या औषध दुकानांत बंदी घातलेली औषधं गुरांसाठी विकली जातात का, याची तपासणी अन्न व औषध प्रशासनाने करावी आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. वस्त्या आणि पाणवठ्यांपासून दूर, वन विभागाच्या देखरेखीखाली, मृत जनावरांसाठी कुंपणाची एक जागा ठरवावी. वाहतुकीला गाडी आणि काम करणाऱ्याला रीतसर पगार, हातमोजे, लसीकरण. जातीवर काम टाकायचे दिवस गेले, त्यामुळे याचा खर्च पंचायत समितीच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. ज्या जनावरावर शेवटच्या आठवड्यात कोणतंही वेदनाशामक वापरलं असेल ते पुरावं, तिथे आणू नये. त्यासाठी गुरांच्या डॉक्टरने दिलेल्या सुईची नोंद मालकाकडे असली की पुरे.

गिधाडांचा अंडी घालण्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. कुंपण, नोंदवही आणि औषधाचा साठा एवढं काम एका पावसाळ्यात होण्यासारखं आहे.