दासीच्या मुलाचा वाटा

 

आमच्या मरीन परेडला संध्याकाळी ब्लॉकखाली म्हाताऱ्या माणसांच्या चाकाच्या खुर्च्या लागतात. प्रत्येक खुर्चीमागे एक बाई, कुणी इंडोनेशियाची, कुणी फिलिपिन्सची. त्यातली एक आजी मध्यंतरी वारली. मुलं जमली, घर, पैसा, दागिने सगळ्याचं ठरलं. चौदा वर्षं त्या आजीचं सगळं केलेली बाई मात्र बॅग भरून लिफ्टपाशी उभी. माझ्या नातीने विचारलं, "आजी, हिला काय मिळालं?"

पगार मिळाला होता, तिकीट मिळालं होतं. कायद्याने सगळं बरोबर. तरी मला उत्तर देता येईना. मग मी तिला तोरातल्या दोन वाटण्या सांगितल्या.

पहिली अब्राहाम बाबांची. गुरंढोरं, सोनंनाणं, दासदासी, सगळं होतं. दासी हागार, तिचा मुलगा इश्माएल. सारा म्हणाली, दासीचा मुलगा माझ्या मुलाबरोबर वारस व्हायचा नाही. मग भाकरी नि पाण्याची पखाल देऊन मायलेकरांना रानात घालवलं. पुढे सगळी मिळकत इसहाकला गेली. पण बाप मेल्यावर मखपेलाच्या गुहेत मूठमाती द्यायला इसहाकबरोबर इश्माएलही होता, बरं का!

दुसरी याकोबची. लाबानने मुलींच्या लग्नात जिल्पा नि बिल्हा या दासी आंदण दिल्या. बारा मुलग्यांतले चार त्यांचे: दान, नफताली, गाद, आशेर. पुढे जमीन वाटली तेव्हा या चौघांच्या वंशांनाही हिस्से मिळाले. दासीचे म्हणून कुणाला वगळलं नाही. त्यांच्या आयांना काय मिळालं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

मुलांनो, ही फक्त लांबच्या देशाची गोष्ट नाही. पेशवाईत आपल्या महाराष्ट्रातही बड्या घरी कुणबिणी असत. इथे कुणबी जातीची बाई असा अर्थ नाही, विकत घेतलेली दासी असा आहे. दळण, कांडण, गोठा, शेत सगळं त्यांच्याकडे. त्यांची मुलंही धन्याचीच. लेकीच्या लग्नात कुणबीण आंदण जाई, नि घराच्या वाटणीत भांडी-गुरांसारखीच मोजली जाई. तिच्या मुलाला 'लेकावळा' म्हणत. मिताक्षरेत असं आहे की शूद्र बापाच्या दासीपुत्राला भावांनी अर्धा वाटा द्यावा. वरच्या तीन वर्णांत त्याला नुसती पोटगी. इंग्रजांच्या १८४३ च्या कायद्याने माणसावरची मालकी कोर्टात मानणं बंद झालं. इथे सिंगापूरला रॅफल्सने १८२३ मध्येच गुलामगिरीला बंदी केली होती.

आता थोडं कडू बोलते, रागावू नका. कोकणात आपण तरी काय केलं? गोरे इस्रायल नि काळे इस्रायल असे दोन भाग पाडले. काळे म्हणजे कोण, तर बाहेरच्या बायकांची संतती म्हणून हिणवलेले. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. याकोबने जे केलं नाही, ते आपण केलं. मग १९६२ च्या सुमाराला इस्रायलात रब्बींनी आपलीच वंशावळ तपासायला घेतली, तेव्हा आपल्याला झोंबलं. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, नि १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला, बेने इस्रायल पुरे ज्यू आहेत. वाटा नाकारला की कसं वाटतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आज घरकामाची बाई दासी नाही. तिला पगार आहे, २०१३ पासून इथे आठवड्याची सुट्टीही कायद्यात आली. पण मृत्युपत्र नसेल तर इथल्या कायद्याप्रमाणे अर्धं नवऱ्याला किंवा बायकोला, अर्धं मुलांना सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही, ही चांगली गोष्ट. बाहेरच्या माणसाला त्यात जागा नाही. ती जागा आपणच ठेवायची असते.

तोरा काही लपवत नाही. परक्या दासाला मुलांना वारसा म्हणून देण्याची मुभाही तिच्यात आहे. पण इब्री दास सहा वर्षांनी सुटला की त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं द्या, हेही तिच्यातच आहे. कारण काय दिलं? तुम्हीही मिसरात दास होता.

नर्स म्हणून मी पुष्कळ शेवटच्या रात्री पाहिल्या. वारस सकाळी यायचे. रात्री उशाशी बहुतेक वेळा पगारी बाई असायची.

त्या दिवशी घरी येऊन मी माझा कागद काढला. भांडी कुणाला, बांगड्या कुणाला, सगळं होतं. गेली सहा वर्षं मला आंघोळ घालणारीचं नाव नव्हतं. आता नवा कागद केलाय, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. ज्याला द्यायचं, त्याची किंवा त्याच्या नवरा-बायकोची साक्ष घेऊ नका, नाहीतर त्याचा वाटा जातो.

नातीला वाचून दाखवला. म्हणाली, "आजी, हे तिला आत्ताच सांग ना." सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ बाहेरच आली नाही.

तुम्हीही आपापला कागद काढून बघा. पुढच्या अंकात भेटू. शालोम.