तिसऱ्याचं नाव पहिला

मार्केटिंगवाल्यांबद्दल मला मुळातच फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही लॅबमध्ये दोन-दोन, तीन-तीन वर्षं घासून एखादी वस्तू उभी करायची आणि मग वरच्या मजल्यावरच्या चकचकीत खोलीत बसून चार जणांनी तिचं बारसं करायचं, अशी इथली अमेरिकेतली पद्धत. आपल्याकडे बारशाला नाव ठेवणारी आत्या असते, तिने निदान बाळाला मांडीवर तरी घेतलेलं असतं. इथे नाव ठेवणाऱ्यांनी ती वस्तू एकदा तरी उघडून पाहिली असेल का, याची मला दाट शंका आहे.

तर आजचा विषय, व्हिडिओ गेम कन्सोलची नावं. हसू नका! चांगली शेकडो डॉलरची वस्तू आहे, आणि ती विकत घेणारा माणूस बरेचदा ती खेळणारा नसतो. आई घेते, बाबा घेतात, नाताळच्या आधी आजी-आजोबा दुकानात येऊन घेतात. नातवाने चिठ्ठीवर जे लिहून दिलंय ते काउंटरवर वाचून दाखवतात. माझं सगळं भांडण त्या चिठ्ठीपाशी आहे. वस्तूचं नाव जाणकारासाठी नसतंच मुळी. जाणकाराला काहीही नाव चालतं, तो आतली चिप बघून घेतो. नाव असतं ते ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्यासाठी. आणि त्या नावाने त्याला एवढं एकच सांगायचं असतं, की बाबा रे, ही नवीन वस्तू आहे, तुझ्या घरात टीव्हीखाली पडली आहे ती नव्हे.

तुमच्यापैकी अनेकांचा कन्सोलशी संबंध नव्वदच्या दशकातच संपला असेल. कुणाकडे समुराई, कुणाकडे मीडिया. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९ इन १' असं धडधडीत खोटं, आणि आत खरे गेम दहा-वीस. कॅसेट चालली नाही की खालून फुंकर मारायची. आपण त्या सगळ्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि कुणाचं काही अडत नव्हतं. या पेट्यांचं मूळ म्हणजे क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचा १९८३ सालचा 'फॅमिली कॉम्प्युटर'. १९८५ मध्ये तो अमेरिकेत आणायची वेळ आली तेव्हा इथला व्हिडिओ गेमचा बाजार नुकताच आपटला होता. दुकानदार 'व्हिडिओ गेम' एवढे शब्द ऐकले तरी हात जोडायचे. मग निन्टेन्डोने पेटीचं नाव ठेवलं 'एन्टरटेनमेन्ट सिस्टीम'. यंत्राला म्हणायचं 'कंट्रोल डेक', कॅसेटला म्हणायचं 'गेम पॅक', आणि जोडीला एक प्लॅस्टिकचा रोबो, म्हणजे खेळण्यांच्या विभागात जागा मिळते. लबाडीच ती. पण दुकानदाराशी केलेली. घरी नेणाऱ्याचा घोटाळा होण्याचं कारण नव्हतं, कारण त्याच्या घरी आधीची 'एन्टरटेनमेन्ट सिस्टीम' नव्हतीच.

आता एकदम २००६ सालात या. निन्टेन्डोच्या नव्या कन्सोलचं कामचलाऊ नाव होतं 'रेव्होल्यूशन'. क्रांती! गेम खेळणाऱ्या पोरांना ते जाम आवडलं होतं. २७ एप्रिल २००६ ला कंपनीने जाहीर केलं, की खरं नाव 'वी'. इंग्रजीत डब्ल्यू आणि पुढे दोन आय. मराठी कानाला 'वी' म्हणजे काहीच नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांच्या भाषेत त्याच उच्चाराचा अर्थ होतो शू. उद्या एखाद्या मराठी कंपनीने चार-पाच वर्षं खपून 'शू' नावाची वस्तू बाजारात आणली तर कट्ट्याकट्ट्यावर जे होईल, तेच इथे झालं. कंपनीचं म्हणणं असं, की 'वी' म्हणजे आपण सगळे, दोन आय म्हणजे शेजारी-शेजारी उभी असलेली दोन माणसं, आणि जगात कुणालाही हे नाव उच्चारता येतं. लोकांनी यथेच्छ थट्टा केली. आणि मग हे यंत्र १० कोटी १६ लाख खपलं.

या गोष्टीवरून मार्केटिंगच्या जगाने जो धडा घेतला तो साफ चुकीचा आहे. त्यांनी घेतलेला धडा असा: नाव कितीही विचित्र ठेवा, लोक दोन आठवडे हसतील आणि मग सवय होईल. अहो, नाही! 'वी' विचित्र होतं, पण ते दुसऱ्या कशासारखंच नव्हतं. त्याच्या आधीच्या निन्टेन्डोच्या पेटीचं नाव होतं 'गेमक्यूब'. गेमक्यूब आणि वी यांच्यात गोंधळ करून दाखवा बघू. आजीला पाठ करायला एक अक्षर, आणि दुकानात त्या नावाची एकच पेटी. नावाचं काम फत्ते.

(थोडं विषयांतर. वीसोबत टीव्हीवर ठेवायला एक पट्टी मिळायची, तिचं नाव 'सेन्सर बार'. त्या पट्टीत एकही सेन्सर नाही! नुसते इन्फ्रारेड दिवे आहेत. कॅमेरा आहे तो रिमोटच्या तोंडाशी, आणि तो हे दिवे बघून आपण कुठे रोखलेले आहोत ते ओळखतो. पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं. मी सेन्सरवर पीएचडी केलेला माणूस, मला ते नाव वाचून दाढदुखी होते. तरी ते मी माफ करतो, कारण त्या नावामुळे कुणी चुकीची वस्तू घरी नेली नाही.)

नाव खरंच चालून जातं का, याचा पुरावा त्याच कंपनीने सहा वर्षांनी दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये वीचा वारसदार आला. नाव 'वी यू'. कागदावर किती छान! लाडकं नाव, पुढे एक अक्षर. पण वीच्या काळात निन्टेन्डोने स्वतःच लोकांना एक सवय लावून ठेवली होती. वीचं स्टीअरिंग, वीचं बॅलन्स बोर्ड, वीची बंदूक. दर सहा महिन्यांनी वीला जोडायचं नवं काहीतरी. आता आलं 'वी यू', आणि सोबत टॅब्लेटसारखा मोठा कंट्रोलर. जून २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हाही सगळा भर त्या कंट्रोलरवर, मूळ पेटी कोपऱ्यात. लोकांना वाटलं, आपल्या घरच्या वीला जोडायचा हा आणखी एक जोड असणार. २०१३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना गुंतवणूकदारांसमोर मान्य करावं लागलं, की लोकांचा असा गैरसमज झाला आहे. शेवटी खप किती, तर १ कोटी ३५ लाख. वीच्या सातव्या हिश्श्याइतकासुद्धा नाही. त्याला इतर कारणंही होती. गेम कमी होते, यंत्र अशक्त होतं. पण आपल्या वारसाचं अस्तित्वच गिऱ्हाइकाला कळू न देणारं नाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

बरं, एवढं पोळल्यावर शहाणपण यावं ना? तर २०१४ साली निन्टेन्डोने आपल्या खिशातल्या यंत्राची सुधारित आवृत्ती काढली आणि तिचं नाव ठेवलं 'न्यू निन्टेन्डो थ्रीडीएस'. 'न्यू' हे विशेषण नाही, नावाचाच भाग! म्हणजे दुकानात जुना थ्रीडीएस नवा कोरा मिळत होता आणि 'न्यू' थ्रीडीएस सेकंडहँड मिळत होता. आणि काही गेम असे, की ते फक्त 'न्यू'वरच चालणार. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाली, ती अजून 'न्यू'च आहे. पण शाळेचं ठीक आहे, ती बॅटरी बदलायला दुकानात न्यावी लागत नाही.

पण हे सगळे किरकोळ गुन्हेगार. नामकरणातला खरा अट्टल गुन्हेगार म्हणजे मायक्रोसॉफ्ट.

त्यांचा पहिला कन्सोल नोव्हेंबर २००१ मध्ये आला. विंडोजमधल्या 'डायरेक्टएक्स'वरून 'डायरेक्टएक्स बॉक्स', त्याचं आखडून 'एक्सबॉक्स'. इंजिनियरांनी आपसात वापरलेलं नाव. मार्केटिंगला ते मुळीच पसंत नव्हतं, पण लोकांपुढे यादी ठेवली तर लोकांनी नेमकं तेच उचललं. (मला यात आश्चर्य वाटत नाही.) दुसरा कन्सोल २००५ साली. सरळ हिशोबाने 'एक्सबॉक्स २'. पण समोर सोनीचा 'प्लेस्टेशन ३' येऊ घातला होता. दोन आणि तीन शेजारी ठेवले तर दोन मागासलेला दिसेल, म्हणून ठेवलं 'एक्सबॉक्स ३६०'. इथपर्यंतही चाललं असतं. ३६० म्हणजे काय हे कुणाला कळलं नाही तरी तो आकडा लक्षात राहायचा.

मग मे २०१३. तिसरा कन्सोल. टीव्ही, सिनेमा, गेम सगळं एकात, म्हणून नाव 'एक्सबॉक्स वन'. तिसऱ्या मुलाचं नाव 'पहिला'! आणि गंमत म्हणजे खऱ्या पहिल्याला लोक तोवर बोलताना 'एक्सबॉक्स वन'च म्हणत आलेले. आमच्याकडे एखाद्या ड्रॉइंगच्या तिसऱ्या आवृत्तीवर कुणी 'आवृत्ती १' लिहिलं तर कारखान्यात चुकीचा भाग बनून येतो, आणि लिहिणाऱ्याला जाब द्यावा लागतो. इथे लिहिणाऱ्याला बोनस मिळाला असणार.

त्याच्या सुधारित आवृत्त्या, २०१६ मध्ये 'वन एस', २०१७ मध्ये 'वन एक्स'. पुढची पिढी आली १० नोव्हेंबर २०२० ला. तिच्यात दोन यंत्रं: 'सिरीज एस' आणि 'सिरीज एक्स'. वन एस, वन एक्स, सिरीज एस, सिरीज एक्स. हे फोनवर मोठ्याने म्हणून बघा. २२ सप्टेंबर २०२० ला सिरीज एक्सची आगाऊ नोंदणी सुरू झाली, आणि त्याच दिवशी अॅमेझॉनच्या विक्रीच्या क्रमवारीत जुन्या वन एक्सने एकदम उसळी मारली, तशा बातम्याही आल्या. त्यात काही जणांनी समजून-उमजून जुना घेतला असेल, मान्य. सगळ्यांनीच? छे.

समजा, तुमच्या नाशिकच्या मामांनी मला फोन केला, की येताना पोरासाठी एक्सबॉक्स घेऊन ये. मी विचारणार, कुठला? मामा म्हणणार, नवा. नवा म्हणजे एस की एक्स? मामा म्हणणार, त्यातला बरा असेल तो. आता इथे खरी गोम आहे. सिरीज एस निघाला २९९ डॉलरला आणि सिरीज एक्स ४९९ ला. पण दोघांत नुसता ताकदीचा फरक नाही. सिरीज एसला डिस्क घालायची खाचच नाही! मामांनी हौसेने गेमच्या चार डिस्क आणून ठेवल्या असतील तर त्या आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या. एस म्हणजे डिस्क नाही, असं पाठ करावं, तर जुन्या वन एसला डिस्क होती. त्याचाच २०१९ मधला 'ऑल-डिजिटल' भाऊ, त्याला नव्हती. बरं, एक्स म्हणजे डिस्क आहे, असं तरी म्हणावं? ऑक्टोबर २०२४ पासून सिरीज एक्ससुद्धा बिनखाचेचा मिळायला लागला. ज्या एका गोष्टीवरून आणलेली भेट उपयोगी पडेल की नाही ते ठरतं, ती गोष्ट त्या अक्षरांत कुठेही नाही.

यावर इथल्या गेमवेड्या मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं: "ज्याला कळायचं त्याला कळतं." हेच तर मी म्हणतोय! ज्याला कळतं त्याने आपले पैसे मोजलेलेच नाहीत, त्याच्या आईने मोजलेत.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. आकडे घातले तर प्रतिस्पर्ध्यापुढे आपण लहान दिसतो. सोनी १९९४ पासून निमूटपणे एक, दोन, तीन, चार, पाच करत आली आहे. (तिनेही २००० साली जुन्याच यंत्राचं छोटं रूप 'पीएस वन' म्हणून विकलं, पण तो निदान खरोखरच पहिला होता.) तेव्हा आता पाचाशेजारी दोन ठेवून कसं चालेल? याचं उत्तर मला द्यायची गरज उरलेली नाही. ५ जून २०२५ ला निन्टेन्डोने नवा कन्सोल आणला. आधीच्या 'स्विच'चा खप १५ कोटींच्या वर गेलेला. नव्याचं नाव 'स्विच २'. बस्स. निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलच्या इतिहासात असा साधा क्रमांक पहिल्यांदाच आला. बाजारात समोर 'प्लेस्टेशन ५' उभा. कुणी म्हणालं का, की दोन म्हणजे पाचाच्या तीन पिढ्या मागे? पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त खपले. निव्वळ नावामुळे खपले असं मी म्हणणार नाही, पण आकड्याने तो लहान दिसला नाही एवढं नक्की. वीस वर्षं मायक्रोसॉफ्टने ज्या भीतीपोटी गिऱ्हाइकाला अक्षरांच्या चक्रव्यूहात फिरवलं, ती भीतीच पोकळ होती.

आणि मायक्रोसॉफ्टचं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहिरातींची मोहीम काढली, "हा एक्सबॉक्स आहे" अशी. चित्रात टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल. म्हणजे आता सगळंच एक्सबॉक्स. ऑक्टोबर २०२५ मध्ये असूसबरोबर हातात धरायचं यंत्र आलं, 'आरओजी एक्सबॉक्स अलाय' आणि 'आरओजी एक्सबॉक्स अलाय एक्स'. (एक्स सुटत नाही!) नाव एक्सबॉक्स, आत विंडोज. घरच्या एक्सबॉक्सच्या डिस्क त्यात घालायला जागाच नाही.

तेव्हा मामांनो, पोराने एक्सबॉक्स मागितला तर त्याच्या मित्राच्या घरी जा, त्याच्याकडच्या पेटीचा पुढून आणि मागून फोटो काढा, आणि तो मला पाठवा. नाव लिहून पाठवू नका.